पत्र्याआडचं लाकूड

१९२९ची शेवरोले बाहेरून सगळी लोखंडी दिसते. प्रत्यक्षात पत्रा म्हणजे नुसतं कातडं. बॉडी उभी असते ती लाकडी सांगाड्यावर. उंबरे, दारांचे खांब, छताच्या कमानी सगळं लाकूड, आणि पत्र्याच्या कडा त्यावर मुडपून बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. अशा एका गाडीचा सांगाडा घरामागच्या पडवीत आम्ही गेली काही वर्षं दुरुस्त करतो आहोत. आता दारं लागतात, तेव्हा मागे वळून पाहायला हरकत नाही.

ही पद्धत घोडागाड्या बांधणाऱ्यांकडून मोटारीत आली. अमेरिकेत बड कंपनीने डॉज बंधूंसाठी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच पोलादी बॉडी बनवली होती. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीने मात्र लाकूड बरीच वर्षं सोडलं नाही. छताचा मधला भाग तर पत्र्याचाही नसे, कारण तेवढा रुंद पत्रा तेव्हा मिळत नव्हता. लाकडी पट्ट्या, त्यावर जाळी, मग कापसाचा थर आणि सगळ्यात वर रोगण दिलेलं कापड. एकसंध पोलादी छप्पर त्यांनी आणलं ते १९३५च्या मॉडेलांत.

आमच्या गाडीचं दुखणं त्या कापडापासूनच सुरू झालं होतं. कापड तडकलं, पाणी खांबांच्या आतून उतरत उंबऱ्यात साचलं आणि खांबांचे बुडखे कुजले. वरचं लाकूड ठणठणीत. मुंबईत शिवडीला १९२८पासून शेवरोले जोडल्या जात होत्या, पण कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाचा विचार मिशिगनमध्ये कुणी केला असेल, असं ते छत पाहून वाटत नाही.

सुरुवातीचे कित्येक महिने रंधा हातात घेतलाच नाही. लाकूड काढलं की पत्र्याला स्वतःचा आकार राहत नाही. म्हणून दारं जागेवर ठेवूनच आतून लोखंडी पट्ट्यांचे तिरके आधार दिले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापं घेतली, आणि मगच एकेक तुकडा काढायचा, त्याच्या जागी नवा बसवायचा, तोवर दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नेम ठेवला. नकाशा म्हणजे ते कुजके तुकडेच. त्यांना पातळ इपॉक्सी पाजून प्लायवूडवर ठेवायचं आणि फर्मा काढायचा. एका बाजूचा बुडखा पार भुगा झालेला असेल तर दुसऱ्या बाजूचा उलटा करून घ्यायचा.

खरा वाद झाला लाकडावरून. मोटारीच्या सांगाड्याला परदेशात ॲश वापरत आले: लवचीक, स्क्रू घट्ट धरणारं, पण ओलीत लवकर कुजणारं. इकडे कुणीही सागवानच सुचवणार. आमचे मिस्त्री उमेदीत बैलगाड्या बांधलेले. ते म्हणाले, "साहेब, साग किडत नाही हे खरं, पण हादऱ्याला बाभूळच टिकते." शेवटी पाणी साचतं त्या उंबऱ्यांना साग आणि बिजागऱ्यांचा भार घेणाऱ्या खांबांना जुनी, नीट वाळलेली बाभूळ, असं ठरलं. ओली बाभूळ पिळते, तर साग तेलकट, ॲसिटोनने पुसल्याशिवाय डिंक धरत नाही. अस्सलपणाचे आग्रही नाकं मुरडतील. मला ही निवड पटते; ज्या लाकडावर मिस्त्रींचा हात बसलाय ते वापरणं मला अस्सलच वाटतं.

सांधे जुन्याच पद्धतीचे ठेवले: साल-कूस, अर्ध्या खाचा, स्क्रू. सांधा सुटला की असा सांगाडा चालत्या गाडीत कुरकुरतो. वेमन नावाच्या गृहस्थाने १९२०च्या दशकात यावर अफलातून तोड काढली होती. त्याने लाकडं धातूच्या पट्ट्यांनी जोडून मधे बारीक फट सोडली, म्हणजे लाकडाला लाकूड घासायलाच नको. वर पत्र्याऐवजी कापड ताणलेलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दारांनी. नवा खांब ओळंब्यात असूनही कुलूप बसेना. बॉडी चासीवर बोल्टांनी बसते आणि मधे जाड पट्ट्यांचे तुकडे असतात. एका कोपऱ्यात एक तुकडा वाढवला की समोरच्या दाराची फट बदलते. पावसाळ्यात बरोबर बसवलेलं दार उन्हाळ्यात सैल होतं, म्हणून शेवटची जुळणी मार्गशीर्षापर्यंत थांबवली.

छत अजून उघडंच आहे. जाळी आणि कापूस आणून ठेवलाय. कापड मात्र या खेपेला रबराचा थर असलेलं घेणार आहोत, आणि खांबांच्या बुडाशी पाणी निघून जायला भोकं आधीच पाडून ठेवली आहेत.