गायक सॅम कुक आणि त्याचें पहिलें यश

इ. स. १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत 'बिलबोर्ड' हें व्यापारी साप्ताहिक दुकानांतील तबकड्यांचा खप व रेडिओवरील वादन यांची माहिती जमवून दर आठवड्यास लोकप्रिय गीतांची क्रमवार यादी छापीत असे. परंतु काळ्या लोकांच्या संगीताची यादी निराळी असे. तिचें वंशवाचक नांव १९४९ सालीं बदलून 'रिदम अँड ब्लूज' असें ठेवण्यांत आलें. नांव बदललें, भिंत मात्र राहिली.

ही भिंत ओलांडणाऱ्या सॅम कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजीं मिसिसिपी संस्थानांतील क्लार्क्सडेल गांवीं झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. पुढें कुटुंब शिकागोस गेलें व तेथें भावंडांसह तो बालपणींच उपासनामंदिरांत गाऊं लागला. १९५० सालीं 'सोल स्टिरर्स' या भक्तिगीतें गाणाऱ्या नामांकित संचांत आर. एच. हॅरिस या थोर गायकाची जागा त्यास मिळाली. एवढ्या मोठ्या गायकामागून उभें राहणें सोपें नव्हे! पण एकाच अक्षरावर आवाज हळुवार हेलकावत नेण्याची स्वतःची रीत त्यानें शोधून काढली.

१९५६ सालीं त्यानें एक प्रेमगीत 'डेल कुक' या नांवानें ध्वनिमुद्रित केलें, कारण लौकिक गाणीं गाणारा भक्तिसंगीताच्या श्रोत्यांस रुचत नसे. नांव लपलें, आवाज कसा लपणार? श्रोत्यांनीं तो तेव्हांच ओळखला.

१९५७ च्या जून महिन्यांत 'यू सेंड मी' हें गीत मुद्रित होत असतां स्पेशॅल्टी कंपनीचा मालक आर्ट रूप यास त्यांतील कोरसची मऊ धाटणी आवडली नाहीं. वाद होऊन कुक व निर्माता बम्प्स ब्लॅकवेल हे त्या मुद्रणासह बाहेर पडले. 'कीन' या नव्या कंपनीनें तबकडी काढली, तीहि दुसऱ्या बाजूच्या 'समरटाइम' वर भिस्त ठेवून! रेडिओवाल्यांनीं मात्र 'यू सेंड मी' चीच बाजू वाजविली. वर्ष संपण्यापूर्वींच तें गीत दोन्ही याद्यांत पहिलें आलें व दहा लाखांवर प्रती खपल्या.

माझ्या मतें याहून महत्त्वाचें तें पुढेंच आहे. ज्या काळीं अनेक गायक आपल्या गीतांचे हक्क अल्प मोलानें गमावीत, त्या काळीं कुकनें जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या मित्रासह गीतप्रकाशनाची व तबकड्यांची स्वतःची संस्था उभारली. तिनें ज्यांच्या तबकड्या काढल्या, त्यांत 'सोल स्टिरर्स' हि होते.