गुलाबी फेसाचा इशारा

सकाळी पहिल्या लेक्चरची घाई. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ब्रश. चूळ भरून बेसिनमध्ये टाकली, तर फेस गुलाबी! अशा वेळी बहुतेक जण नळ सोडतात आणि विषय संपवतात. काही जण दुसऱ्या दिवसापासून त्या जागी ब्रश फिरवणंच बंद करतात. काही जण टूथपेस्ट बदलून बघतात. रूममेटला सांगावं, तर तो म्हणतो, ‘अरे, एवढं काय? सगळ्यांनाच येतं.’

पुष्कळांना येतं हे खरं. पण म्हणून ते नॉर्मल ठरत नाही. निरोगी हिरडीतून नुसत्या ब्रशने रक्त येत नाही. आणि घाबरून त्या जागी ब्रश फिरवणं थांबवलं, तर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं.

तीन आठवडे ब्रश बंद

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट थर बसायला लागतो. त्याला म्हणतात प्लाक. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहून गेला, तर लाळेतल्या खनिजांमुळे दगडासारखा घट्ट होतो. हेच ते कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवून बघा, खरखरीत लागलं तर ते बहुधा तेच आहे. ते कोणत्याही ब्रशने, पेस्टने किंवा मीठ-लिंबाने निघत नाही.

हिरड्या सुजण्याचं मूळ या थरात आहे, हे सिद्ध झालं ते विद्यार्थ्यांमुळेच. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला आणि तो 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यातले 9 जण डेंटल कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. 10 ते 21 दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग ब्रश पुन्हा सुरू केला आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्वीसारख्या झाल्या.

म्हणजे पहिल्या टप्प्यावर हा आजार पूर्ण बरा होतो. डॉक्टर त्याला जिंजिव्हायटिस म्हणतात. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं, पण आतलं हाड शाबूत असतं.

खरी गोची पुढे आहे. सूज महिनोन् महिने राहिली, तर काही जणांची हिरडी दातापासून सुटायला लागते आणि मध्ये फट तयार होते. या फटीला पॉकेट म्हणतात. तिथे ब्रश पोहोचत नाही आणि जिवाणूंचं फावतं. हळूहळू दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हा पेरिओडोंटायटिस, आपल्या घरांतला ‘पायरिया’. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. आणि या सगळ्यात बऱ्याचदा दुखतच नाही! दात हलायला लागेपर्यंत कळतही नाही.

खुर्चीत बसल्यावर काय होतं?

डेंटिस्ट आधी मोजमाप करतो. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये अलगद सरकवतो. 1 ते 3 मिमी खोली म्हणजे साधारण ठीक. 4 मिमी आणि त्यापुढे गेली, की जास्त लक्ष द्यावं लागतं. हाड किती उरलंय हे एक्स-रेत दिसतं. पुढचे उपचार यावरच ठरतात.

पहिली पायरी स्केलिंग, म्हणजे आपलं ‘क्लीनिंग’. यंत्राचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, त्याने कीटण सुटतं, सोबत पाण्याचा फवारा चालू असतो. आवाज कानाला त्रास देतो, पण दुखणं फारसं नसतं. नंतर पॉलिश करतात. नुसती हिरडी सुजली असेल, तर एवढं आणि घरी नीट ब्रश, यावर काम भागतं.

पॉकेट तयार झालं असेल तर दुसरी पायरी. स्केलिंग हिरडीच्या खाली, मुळापर्यंत केलं जातं. याला म्हणतात रूट प्लॅनिंग. तेवढ्या भागाला भूल देतात आणि बऱ्याचदा दोन-चार भेटींत तोंडाचा एकेक भाग घेतात. काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप होतं. स्वच्छ मुळाला हिरडी परत चिकटली, की पॉकेट उथळ होतं. अनेकांचं काम इथेच थांबतं. गरज पडली तर पॉकेटमध्ये औषधाची जेल भरतात किंवा अँटिबायोटिक गोळ्या देतात. मात्र नुसत्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत, कारण कीटण जागेवरच राहतं.

तिसरी पायरी फ्लॅप सर्जरी. खोल पॉकेटं तशीच राहिली, तर भूल देऊन हिरडी थोडी उचलतात, आतलं डोळ्यांना दिसेल असं साफ करतात आणि टाके घालतात. साधारण आठवडा-दहा दिवसांत टाके काढतात. झिजलेल्या हाडाची जागा योग्य आकाराची असेल, तर तिथे बोन ग्राफ्ट भरून काही प्रमाणात हाड परत मिळवता येतं. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल, तर बहुतेकदा टाळूवरचा तुकडा घेऊन तिथे लावतात. यासाठी हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडोंटिस्ट असतात. बीडीएसनंतर याच विषयात एमडीएस केलेले.

पायरी चढत जाल तसा खर्च वाढतो, भेटी वाढतात आणि परत मिळणारं कमी होत जातं. पहिल्याच पायरीवर गाठलं तर एका दुपारचं काम.

‘मशीनने दात हलतात’

मग लोक पहिल्या पायरीवर का जात नाहीत? कारण घरात कुणीतरी सांगतं, ‘मशीन लावू नकोस, दात ढिले होतात.’ आजीचं निरीक्षण चुकीचं नसतं, तिने काढलेलं कारण चुकतं. कीटण वर्षानुवर्षं साठलं, की ते दातांच्या फटींत सिमेंटसारखं बसतं. खाली हाड आधीच झिजलेलं असतं. कीटण काढलं की फटी दिसतात, दात हलतोय हे जाणवतं, आणि आळ येतो मशीनवर. काही दिवस थंड पाणी झणझणतं, तेही बहुधा आपोआप थांबतं.

दुसरा फसवा भाग तंबाखूचा. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आजार आत वाढत असतो आणि इशारा देणारं रक्तच गायब. उपचारांनंतर हिरडी भरून येणंही मंदावतं. मशेरी, मावा, खर्रा यांचं तर बोलायलाच नको. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी कॉलेजच्या आसपास काय काय मिळतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि ‘हे तर म्हाताऱ्यांचं दुखणं’ असं समजू नका. एक प्रकार ऐन विशीत, कधी त्याआधीही गाठतो. त्यात पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांचं हाड झपाट्याने झिजतं. कीटण फारसं दिसत नाही, पण घरात इतरांनाही असू शकतो. आई-वडिलांचे दात कमी वयात पडले असतील, तर डेंटिस्टला ते जरूर सांगा. ब्रेसेस असतील किंवा डायबेटिस असेल, तर जास्तच जपा.

खिशाचं काय?

पॉकेटमनीत हे बसणार कसं, हा प्रश्न रास्त आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खासगी क्लिनिकपेक्षा बऱ्याच कमी खर्चात उपचार होतात. तुमच्या जवळच्या खासगी डेंटल कॉलेजच्या ओपीडीतही चौकशी करा. काम बऱ्याचदा विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. वेळ मात्र हाताशी ठेवून जा.

डेंटिस्टला हे नक्की विचारा

• माझी पॉकेटं किती मिमी आहेत? कुठे जास्त आहेत?
• एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं दिसतंय का?
• वरवरचं स्केलिंग पुरेल की हिरडीच्या खालीही करावं लागेल?
• सर्जरी सुचवत असाल, तर आधीचे उपचार करून पुन्हा मोजमाप झालंय का?
• एकूण किती भेटी आणि किती खर्च?
• पुढची तपासणी कधी? (पेरिओडोंटायटिस झालेल्यांना दर तीन-चार महिन्यांनीही बोलावतात.)

तोवर घरचा अभ्यास सोपा आहे. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, हिरडीच्या कडेलाही हलक्या हाताने. दातांच्या फटींसाठी फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. रक्त येतं ती जागा टाळू नका, उलट नीट साफ करा. आठवडा-दोन आठवडे असं करूनही फेस गुलाबीच येत असेल, तर ‘सबमिशन झाल्यावर बघू’ म्हणू नका. या सेमिस्टरला जे क्लीनिंगवर भागेल, त्याला फायनल इयरपर्यंत टाके पडू शकतात.