कार्बन तंतूंचा ठिसूळपणा आणि त्यावरील उपाय

१९७० साली इंग्लंडमधील रोल्स-रॉईस कंपनीने आरबी-२११ या विमान-इंजिनासाठी कार्बन तंतूंची पंखापाती तयार केली होती. वजनाने हलकी, ताणाला भक्कम. मात्र पक्षी आदळल्यास काय होईल हे पाहण्यासाठी मृत पक्षी वेगाने त्यांवर सोडताच त्यांचे तुकडे झाले. कंपनीला टायटॅनियमच्या पात्यांकडे वळावे लागले. १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यास इतरही कारणे होती, पण हे अपयश महागात पडले.

बळकटी व चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तंतूंचे थर एकावर एक रचून ते इपॉक्सी राळेने सांधतात. तंतूंच्या दिशेने येणारा भार ते सहज पेलतात. दोन थरांच्या मध्ये मात्र केवळ राळ असते आणि ती ठिसूळ असते. धडकेने पडलेला तडा याच वाटेने पसरतो. वरून खूणही दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असतात. तपासनिसाची खरी अडचण हीच.

यावर शास्त्रज्ञांनी राळेतच रबराचे वा थर्मोप्लास्टिकचे सूक्ष्म कण मिसळले. तड्याची शक्ती हे कण ताणण्यात व फाडण्यात खर्ची पडते. गोधडीप्रमाणे थर उभ्या धाग्याने शिवण्याचीही रीत आहे. परंतु सुईने काही तंतू दुखावतात, म्हणून ती बेतानेच वापरावी लागते.

१९९५ मध्ये सेवेत आलेल्या जीई-९० इंजिनाची पाती कार्बन तंतू व चिवट राळेची आहेत. त्यांच्या पुढच्या कडेला मात्र टायटॅनियमची पट्टी आहेच.