फॅशनचा सप्ताह कुणाचा?

वैजापूर तालुक्यात ‘सप्ताह’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह. दीड शतकाहून जुना. त्याचं यजमान गाव दरवर्षी बदलतं. आमटी जागेवरच मोठमोठ्या कढयांत शिजते, भाकरी मात्र पंचक्रोशीतल्या घराघरांत थापल्या जातात आणि ट्रॅक्टर भरभरून मंडपाशी येतात. लाखोंच्या पंगती उठतात त्या अशा. ज्या घरातून भाकरी गेली, ते घर त्या सप्ताहाला पाहुणं राहत नाही. ‘फॅशन वीक’ या नावातला ‘वीक’ म्हणजेही सप्ताहच. म्हणून लहान शहरांत फॅशन वीक भरवण्याच्या गोष्टी निघाल्या की मला पहिला प्रश्न पडतो तो भाकरी कुणाच्या घरून येणार, हा. वैजापुरात असा फॅशन वीक भरत नाही. पण महाराष्ट्रात तो कसा असावा याचा विचार करायला या तालुक्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

आपल्याकडे हा प्रकार तसा नवा. फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्लीत पहिला इंडिया फॅशन वीक भरवला तो २००० साली. मुंबईत लॅक्मेचा सुरू झाला, पुढे पुण्यानेही आपला करून पाहिला. लहान शहरांतल्या कार्यक्रमांचा साचा बहुतेक मुंबईचाच असतो: उंच रॅम्प, शेवटी एखादी अभिनेत्री, आणि ‘स्थानिक’ म्हणून एका फेरीत नथ, फेटा आणि नऊवारी. स्थानिकपण असं पोशाखाला चिकटवता येतं, हीच मुळात चुकीची समजूत आहे. कापड कुणी विणलं, ते कुणी शिवलं आणि काय दाखवायचं हे कुणी ठरवलं, यावर ते अवलंबून असतं. सेनेगलच्या डाकार शहरात अदामा पारी यांनी २००२ साली फॅशन वीक सुरू केला. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, तो शहराबाहेर गोरखचिंचेच्या रानात झाला आणि त्या झाडांची छायाचित्रं जगभर पोचली. पण त्याच उपक्रमाने शहरातल्या साध्या वस्तीत, भर रस्त्यावरही शो केले आहेत. मला त्या रानाहून या रस्त्याचं मोल जास्त वाटतं.

आता वैजापूरचा नकाशा पाहा. छत्रपती संभाजीनगरहून येवल्याला जाणारा रस्ता या गावातून जातो. एका टोकाला हिमरू, दुसऱ्या टोकाला पैठणी, आणि मधल्या शिवारात कापूस. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा कारागीर आले आणि त्यांच्याबरोबर ही विणकाम-विद्या आली, असं हिमरूबद्दल सांगतात. सुताचा ताणा, रेशमाचा बाणा. किनखापाचा थाट, पण खर्च आवाक्यातला. नक्षीचे जादा धागे पाठीमागे मोकळे सुटलेले असतात, त्यामुळे कापडाला आतून मऊ ऊब येते; शाली आणि शेरवान्यांना ते मानवलं ते म्हणूनच. पैठणीचं शास्त्र नेमकं उलटं. रघोजी नाईकांनी पैठणहून विणकर आणून येवल्यात वसवले, असं मानतात. खत्री, साळी, कोष्टी घरांत आजही हातमागावर पदर भरला जातो. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते आणि जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात. बांगडी मोराच्या एका पिसात असं कितीतरी वेळा घडतं. पदर उलटा करून पाहिला तर मोर तसाच, तेवढाच स्वच्छ दिसतो. जॅकार्डवरच्या ब्रोकेडमध्ये पाठीला धागे लोंबतात. म्हणजे हिमरूचे मोकळे धागे ही त्याची खूण, आणि पैठणीच्या पाठीला धागे नसणं ही तिची. दोन्ही कापडांची ओळख उलट्या बाजूला आहे, आणि रॅम्पवर उलटी बाजू दिसत नाही.

म्हणूनच नुसत्या प्रसिद्धीने भागत नाही, आणि याचा पुरावा आपल्या दिवाणखान्यात आहे. २००४ पासून टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने पैठणी घराघरांत नेली. नीता लुल्ला, गौरांग शहा यांच्यासारख्या डिझायनरांनी तिला रॅम्पवर आणलं. मागणी वाढली हे खरंच, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्याच मागणीवर यंत्रमागाची ‘सेमी पैठणी’ही फोफावली. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचं रक्षण करतं. घेणाऱ्या बाईला पदर उलटून पाहायला शिकवत नाही. हिमरूच्या वाट्याला तर एवढंही कौतुक आलं नाही. निजामाच्या काळातलं शेरवानीचं गिऱ्हाईक गेलं आणि त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही. वस्त्राला नाव मिळालं पण हाताला मिळालं नाही, की फायदा नकलेच्या पदरात पडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पाण्यासाठी नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्याला फॅशनचं कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण दुष्काळी भागात शेतीशिवायची कमाई ही चैन होत नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले, त्यांत ७० टक्क्यांहून अधिक बाया होत्या. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. येवल्यात गिऱ्हाईक थेट विणकराच्या दारात येतं, मग विणकराला रॅम्प हवाच कशाला? हे मला मान्य आहे. पैठणी विकण्यासाठी फॅशन वीकची गरज नाही. पण दारात येणारं गिऱ्हाईक लग्नाची साडी मागतं, ओळखीचा मोर मागतं. नवीन काही करून पाहायचं तर आठवडेच्या आठवडे माग अडकतो, आणि साडी गेली नाही तर तो भार एकट्या घरावर येतो. हिमरूचं कापड आजच्या कुर्त्याला, पिशवीला, पडद्याला कसं बसेल, हे एकट्या विणकराने कुणाच्या जिवावर शोधायचं? तो भार चौघांत वाटून घेणारी जागा म्हणून फॅशन वीक मला हवा आहे. संभाजीनगरला डिझाइन शिकणारी मुलं आहेत, पैठणला शासनाचं पैठणी केंद्र आहे. त्यांनी आणि मागवाल्यांनी वर्षभर एकत्र खपावं आणि सात दिवस त्याचा हिशेब लोकांपुढे मांडावा.

तिसरा आक्षेप असा की यातून ओळखीचं सोंग होईल. धोका आहे, विशेषतः ओळख म्हणजे जुनं तेच असं धरून चाललं तर. पण शिवलेली नऊवारी कुठून आली? कुठल्या फॅशन वीकमधून नाही. लुगडं नेसायची सवय सुटलेल्या मुलींसाठी शिंपीकाम करणाऱ्यांनी कासोटा, निऱ्या आणि नाडी यांचं गणित नव्याने मांडलं, आणि आज लग्नात, ढोलपथकात ती सर्रास दिसते. या काळातली ही अस्सल मराठी फॅशन आहे आणि तिचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही. तालुक्याच्या गावांत ब्लाउजवर आरीवर्क करणाऱ्या बाया आहेत. खाटल्यावर ताणलेल्या कापडात आरीची सुई वरून खाली जाते, खालून दोरा उचलते आणि मणी बसतो. एका बाहीला दिवस जातो. लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि आषाढ लागला की हात रिकामे. आपल्याला ‘कलावंतांचा समुदाय’ बाहेरून आणायचा नाही, तो मशीनवर बसलेला आहे. फक्त एका ब्लाउजवालीला दुसरीची कटिंग पाहायला मिळत नाही, आणि दोघींपैकी कुणालाही येवल्याचा माग किंवा हिमरूचा कारखाना आतून माहीत नसतो.

तेव्हा असा सप्ताह एकाच शहरात ठाण मांडून बसू नये. एका वर्षी येवला, दुसऱ्या वर्षी पैठण, तिसऱ्या वर्षी वैजापूर. बेटाच्या सप्ताहासारखं यजमानपण फिरतं राहावं. वैजापूरला आला तर मागांचे लोक जवळच्या रोटेगाव स्टेशनला उतरतील. मंडप साधा असला तरी चालेल, पण कापड हातात घेऊन उलटून पाहता आलं पाहिजे. प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर विणणाऱ्याचं, शिवणाऱ्याचं आणि आरी चालवणाऱ्याचं नाव हवं, आणि शेवटी रॅम्पवर यायचं ते त्यांनी. निवड समितीत निम्म्या जागा त्यांच्या, आणि तारखा आषाढातल्या, काम नसतं तेव्हाच्या.