कर्नाळ्याचा सुळका उडतो तेव्हा...

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका नजरेत भरतो. मोठ्या माणसांना तो अंगठ्यासारखा दिसतो. माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला मात्र तो पहिल्यापासून अग्निबाणच वाटत आला आहे. तेव्हा गेल्या दिवाळीत त्याने "मामा, हा सुळका उडवायचा आहे," असे जाहीर केले, याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढचे ऐकून. त्याने 'परतीचे यान' नावाची विज्ञानकथा रचली होती, गल्लीतल्या मुलांना घेऊन तिचा चित्रपट काढायचा होता, आणि त्या चित्रपटाची श्रेयनामावली हलत्या चित्रांची हवी होती.

घाईलाही कारण होते. पनवेल झपाट्याने वाढते आहे. बहिणीचे सासरचे कौलारू घर दिवाळीनंतर पाडून तेथे इमारत उठायची होती. अंगणात मातीचा किल्ला करण्याची ही शेवटची दिवाळी. मुले त्याविषयी बोलत नव्हती. पण किल्ला कर्नाळ्याचाच करायचा आणि तो चित्रपटात आलाच पाहिजे, यावर सर्वांचे एकमत होते.

नामावली म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. नाटकात नांदीचे जे काम, तेच चित्रपटात हिचे. अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाला घरातून उचलून दुसऱ्या जगात नेऊन ठेवायचे. प्रेक्षक लहान असला तर काम आणखी कठीण, कारण तो कंटाळला की भिडेखातर बसून राहत नाही.

हिशेब मांडला. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे लागतात. पण एकेक चित्र दोनदा दाखवले तरी डोळा फसतो, म्हणजे १२ पुरतात. अर्ध्या मिनिटाला ३६० छायाचित्रे! मोबाईल एका स्टुलाला दोरीने घट्ट बांधला आणि वस्तू किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, असा उद्योग सुरू झाला.

आरंभी १० पासून १ पर्यंत उलटी मोजणी. ही प्रथा अवकाशशास्त्रज्ञांनी घालून दिली असे आपण समजतो. पण ती गाजली १९२९ सालच्या फ्रिट्झ लांग यांच्या चंद्रप्रवासावरील जर्मन मूकपटामुळे. प्रेक्षकांची उत्कंठा ताणण्यासाठी योजलेली ती युक्ती! आमचे आकडे आगकाड्यांचे होते. काड्या आपोआप सरकून दहाचे नऊ, नवाचे आठ होत. त्या जुळवताना मला दादासाहेब फाळक्यांची आठवण झाली. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट अशाच हलत्या काड्यांचा केला होता.

मग उड्डाण. पुठ्ठ्यावर माती थापून केलेला सुळका काळ्या दोऱ्याने टांगला, खाली कापसाचा धूर. भाच्याने पहिल्याच खेपेस तो वीतभर उचलला आणि पडद्यावर सुळका नुसता नाहीसा झाला. खरा अग्निबाण जड असतो. तो आधी रेंगाळतो, मग वेग घेतो. म्हणून पहिल्या चित्रांत तांदळाच्या दाण्याएवढे अंतर, पुढे बोटाएवढे, मग मुठीएवढे. हे जमले तेव्हा सुळक्याला वजन आले.

अवकाशासाठी सुईने भोके पाडलेले तीन काळे कागद एकामागे एक धरले आणि मागे दिवा ठेवला. पुढचा कागद जास्त सरकवायचा, मागचा कमी; त्याने खोली भासते. येथे आठ वर्षांच्या भाचीने अडवले. "मामा, तारे असे भराभर मागे जातात का?" खरे उत्तर 'नाही' असेच होते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा गाठायला प्रकाशालाच चार वर्षांहून अधिक काळ लागतो. शेवटी भाच्याने तोड काढली. तारे स्थिर ठेवले आणि सरकवले ते जवळचे दगडगोटे, म्हणजे अशनी!

नाव उमटण्यासाठी एक जुनी विलायती युक्ती वापरली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारताच्या भूमीवरून पहिला अग्निबाण सुटला. त्यानंतर दोनच दिवसांनी लंडनच्या बी.बी.सी.ने 'डॉक्टर हू' ही घरातल्या लहानथोरांनी मिळून पाहायची विज्ञानमालिका सुरू केली. तिच्या नामावलीसाठी बर्नार्ड लॉज यांनी कॅमेरा त्याच्याच चित्राचा पडदा पाहत राहील अशी योजना केली होती. दोन आरसे समोरासमोर धरावेत तसे चित्रातून चित्र निघत जाते आणि ढगांचे गूढ लोट उसळतात. आम्ही मोबाईलचे चित्र घरातल्या टीव्हीवर घेऊन मोबाईल त्याच टीव्हीपुढे धरला. क्षणार्धात पडद्यात बोगदा उघडला. मुलांनी टाळ्या पिटल्या! बोगद्यातून एकेक अक्षर आले, आणि शेवटी सुळक्यामागची धुराची रेघ त्यांच्या माथ्यावरून गेली. तीच शिरोरेघ. ही कल्पना भाचीची.

चौथ्या दिवशी मात्र अनर्थ झाला. सारी छायाचित्रे ओळीने लावून पाहिली, तर उघडाबोडका किल्ला मध्येच हिरवा होत होता! मुलांच्या आजींनी रिवाजाप्रमाणे किल्ल्यावर मोहरी पेरली होती आणि रोज पहाटे त्या न चुकता पाणी शिंपडत होत्या. भाच्याच्या डोळ्यांत पाणी आले. किल्ला पुन्हा रचायला दिवस उरले नव्हते. आजी ओशाळून म्हणाल्या, "अहो भाऊ, किल्ल्यावर हिरवळ नको का? दरवर्षी पेरते मी."

तेव्हा मी मुलांना फाळक्यांची दुसरी गोष्ट सांगितली. १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल मिळेना, म्हणून त्यांनी वाटाण्याचे बी रुजून वेल होईपर्यंत थोडी थोडी छायाचित्रे घेतली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढताना पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशी अशी एक रोपाची नामावलीच आहे म्हणा ना!

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने गोष्टच बदलली. यान उडून जाते. पुष्कळ वर्षांनी परतते, तेव्हा घर नसते, माणसे नसतात, पण त्या जागी हिरवे रान उगवलेले असते. चुकलेली छायाचित्रे त्याने शेवटी घेतली. त्यानंतर आजींना रोज सकाळी पाणी घालण्याआधी आणि घातल्यावर, अशी दोनदा 'तयार!' म्हणून हाक मारावी लागे.

भाऊबिजेच्या रात्री अंगणातल्या भिंतीवर पांढरी चादर लावून खेळ झाला. आवाज म्हणून कुकरची शिट्टी संथ करून घातली होती. वातावरण संपताच ती थांबे, कारण अवकाशात ध्वनी नाही. त्या शांततेत गल्लीतली पोरेही चिडीचूप बसली. मोहरीचे कोंब वर आले आणि शेवटचे नाव उमटले: 'पाणी घालणार: आजी'.

आजींनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तेवढे उगवायचे पुन्हा एकदा दाखव रे."

आता ते घर नाही. पण पनवेलला गेलो की नव्या इमारतीच्या गच्चीवरून भाचा मला सुळक्याच्या दिशेने बोट दाखवतो आणि विचारतो, "मामा, यंदा कुठे उतरवायचा?"