गाडी किती ओढते? उत्तर देशागणिक वेगळे!



आपल्या सिल्वासात राहणाऱ्याला ट्रेलर काही नवा नाही. सकाळी शाळेत येताना नरोली रस्त्यावर कंटेनर लादलेले लांबलचक ट्रेलर दिसतात. इथल्या कारखान्यांतला माल घेऊन ते भिलाडमार्गे महामार्गाला लागतात आणि न्हावा शेवा बंदराकडे निघतात. परवा आठवीच्या वर्गात बल आणि घर्षण शिकवत होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तो ट्रेलर जास्तीत जास्त किती वजन ओढू शकतो?" मी म्हटले, "कोणत्या देशात?" वर्ग हसला. पण मी थट्टा करत नव्हतो. ते कसे, हे आज पाहू.

आधी लहान गाडीचे उदाहरण घेऊ. आपल्याच शाळेत शिकलेले दोघे भाऊ परदेशी आहेत. थोरला जर्मनीत, धाकटा अमेरिकेत. दोघांकडे जवळजवळ सारखीच लहान मोटार आहे. थोरल्याच्या गाडीच्या कागदांवर ब्रेक असलेला १३०० किलोचा ट्रेलर ओढण्याची परवानगी आहे. धाकट्याच्या गाडीच्या पुस्तिकेत मात्र छापले आहे की या गाडीने काहीही ओढू नये! इंजिन तेच, मग असे का? कारण दोन्हीकडची परीक्षा वेगळी आहे.

युरोपच्या नियमांत मुख्य कसोटी चढावर गाडी सुरू करण्याची आहे. पूर्ण भरलेला ट्रेलर जोडून गाडी १२ टक्के चढावर, म्हणजे दर १०० मीटरला १२ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, उभी करायची आणि पाच मिनिटांत पाच वेळा सुरू करून दाखवायची. मोटार १५०० किलोची आणि ट्रेलर १३०० किलोचा धरला, तर अशा चढावर त्यांना मागे खेचणारे बल सुमारे ३३० किलो वजनाइतके होते. क्लच तग धरतो की नाही, ते तिथे कळते. याशिवाय साध्या मोटारीने स्वतःच्या पूर्ण भरलेल्या वजनापेक्षा जड ट्रेलर ओढायचा नाही, अशी मर्यादाही आहे.

अमेरिकेत बरीच वर्षे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने आकडा ठरवत असे आणि जाहिरातीत मिरवत असे. २००८ साली तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने एक समान कसोटी प्रसिद्ध केली. त्यात चढावर सुरू होणे आहेच, शिवाय ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, भर उन्हात, एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, ठराविक वेगाखाली न येता चढायचा आहे. ही कसोटी कंपन्यांवर सक्तीची नाही. तरी ती मान्य केल्यावर काही ट्रकांचे जाहीर आकडे काहीशे पाउंडांनी खाली आले. ट्रक तोच होता, मोजमाप प्रामाणिक झाले.

दुसरे कारण वेगाचे. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला साधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. विशेष मंजुरी असली तर १००. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ट्रेलरसाठी अशी वेगळी मर्यादा नाही. वेग वाढला की ट्रेलरचे शेपूट डावीकडे-उजवीकडे हलू लागते. ते आवरण्यासाठी तिथे ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात. १३०० किलोच्या ट्रेलरला हे १३० ते १९५ किलो झाले. युरोपात ७५ किलोच्या आसपास भागते. एवढे वजन लहान मोटारीच्या मागच्या टोकावर पडले, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सैल होते. म्हणून अमेरिकन पुस्तिका सरळ "ओढू नका" म्हणते.

आता आपल्या मोठ्या ट्रेलरकडे वळू. इथे प्रश्न इंजिनापेक्षा रस्त्याचा आणि पुलाचा अधिक असतो. ड्रायव्हर लोक म्हणतात ना, "गाडी किती टन पासिंगची?" ते पासिंग एक्सलच्या संख्येवर ठरते. भारतात २०१८ साली ही मर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, तर सर्वांत मोठ्या ट्रेलरचे ४९ वरून ५५ टन. युरोपीय देशांत एका देशातून दुसऱ्यात जाणाऱ्या गाडीला साधारण ४० टन चालतात. फिनलंडमध्ये २०१३ पासून, भरपूर एक्सल असतील तर, ७६ टन चालतात. आणि अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर ८०,००० पाउंड, म्हणजे फक्त ३६.३ टन!

आपल्यापैकी अनेकांचे पालक कारखान्यांच्या डिस्पॅच विभागात आहेत. त्यांना हा हिशेब रोज करावा लागतो. चाळीस फुटी कंटेनरचे मालासह कमाल वजन ३०.४८ टन असते. पुरेशा एक्सलच्या ट्रेलरवरून तो इथून बंदरापर्यंत बिनदिक्कत जातो. अमेरिकेत उतरल्यावर मात्र ३६.३ टनांतून ओढणारी गाडी आणि चासी यांचे साधारण १२.५ टन आणि रिकाम्या कंटेनरचे ३.८ टन वजा करा. मालासाठी उरतात जेमतेम २० टन. म्हणून माल सिल्वासात भरताना काटा तिथल्या रस्त्याचा धरावा लागतो. नाहीतर परक्या बंदरात माल उपसण्याचा खर्च बोकांडी बसतो.

हे सारे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक घरची गोष्ट सांगतो. मी लहान असताना आमचे वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खानवेलकडे निघाले होते. चढ ट्रॅक्टरने आरामात चढला. सगळे म्हणाले, "काय दणकट ट्रॅक्टर आहे!" उतारावर मात्र ट्रॉलीने ट्रॅक्टरला मागून ढकलायला सुरुवात केली. ट्रॉलीला ब्रेकच नव्हते. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तशी ट्रॉली आडवी फिरली आणि शेतात कलंडली. माझ्या काकांचा पाय मोडला. ते अखेरपर्यंत लंगडत चालले. ट्रॅक्टर ओढायला समर्थ होता, आवरायला नव्हता. युरोपात मोटारीमागच्या बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोंची किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या निम्म्या वजनाची, यांतील जी कमी असेल ती मर्यादा आहे. तो नियम वाचला की मला काकांची आठवण होते.

तेव्हा मित्रांनो, कोणी "ही गाडी अमुक टन ओढते" असे म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा: कोणत्या चढावर? किती वेगाने? आणि थांबवणार कशाने? भारतात सप्टेंबर २०१९ पासून ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंड भरून पाय परत येत नाही. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे. येत्या गणेश विसर्जनाला घरून निघताना एवढे जरूर लक्षात ठेवा आणि घरच्या मोठ्यांनाही सांगा.