घर घेताना वकिलाला काय विचारावे?

वस्तीत काम करताना एक कागद वारंवार हातात येतो: नोटरी केलेला स्टॅम्प पेपर. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घराचा तेवढाच पुरावा. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची ही उत्तरे.

नोटरी चालते का? नाही. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानेही ती मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

वकील काय तपासतो? साधारण ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, कर्जाचा बोजा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ दिसले तर थांबा. महार वतनाच्या अनेक जमिनी याच वर्गात आहेत आणि शासनाच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार अडचणीत येतो.

बिल्डरला आधी किती द्यायचे? रेरा कायद्यानुसार करार नोंदवण्यापूर्वी त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

बँकेचा वकील पुरेसा आहे का? तो बँकेचे हित पाहतो. आपला वेगळा हवा.

फी परवडत नसेल तर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तो आपला हक्क आहे. इसार देण्याआधी तो वापरा, फसल्यावर नव्हे.